निळी राहिलेली वडी

सिद्धाप्पांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला भाद्रपदात खिळा लागला. आश्विन सरत आला तरी जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी लघवी तपासली आणि तीत साखर निघाली. पथ्य पाळले तर अंगठा राहील, न पाळल्यास तो कापावा लागेल आणि पुढे पावलाचीही हमी देता येणार नाही, एवढे सांगून डॉक्टरांनी आहाराचा कागद लिहून दिला. साखर, गूळ, मध, केळे, भात आणि पोळी यांवर त्यांनी एकच आडवी रेघ मारली होती.

सिद्धाप्पा माझे घरमालक. गिरणीच्या सूतखात्यात ते तीस वर्षे जॉबर, म्हणजे मुकादम, होते. दोन बोटांत धागा फिरवून तो किती नंबरी, म्हणजे किती बारीक, आहे हे सांगत आणि त्यात सहसा चुकत नसत. इतका काटेकोर माणूस ताटावर बसला की त्याची सारी मापे सुटत. गुळाचा खडा तोंडात धरल्याशिवाय त्यांना जेवण संपल्याचे कळत नसे. शेंगापोळी ते मोजून खात, पण मोजणी दहाच्या पुढे सुरू होई. आता मात्र त्यांना भीती होती, आणि ती अंगठ्याची नव्हती. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो, आणि त्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी घालून अनवाणी चालण्यात त्यांनी बावीस वर्षे खंड पडू दिला नव्हता. तेविसाव्या वर्षी आपण ओट्यावर बसून नंदीध्वज पाहायचे, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती.

मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतो. दर रविवारी सकाळी त्यांची लघवी तपासण्याचे काम मी अंगावर घेतले. मोरचुदापासून केलेल्या निळ्या द्रावणात तिचे आठ थेंब टाकून परीक्षानळी उकळायची. साखर नसेल तर निळा रंग टिकतो. असेल तर प्रमाणानुसार हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी होतो. पहिल्या रविवारी द्रावण विटकरी झाले. ते मी वहीत लिहिले.

पथ्य खरे पाळले ते दानम्मांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने. एक ज्वारीची भाकरी, चाकवत किंवा मेथी, मटकीची उसळ आणि ताक, यापलीकडे त्या काही वाढत नसत. जेवणानंतर गुळासाठी नवऱ्याची जीभ वळवळू लागली की त्या भाजलेले मूठभर शेंगदाणे लिंबू पिळून, मीठ लावून समोर ठेवत. आंबटाने जीभ आखडते आणि गोडाची आठवण अर्धा तास तरी मागे पडते, हा शोध त्यांनी कोणाला न विचारता लावला होता. कार्तिकात रंग पिवळ्यावरून हिरव्यावर आला आणि मग लागोपाठ तीन रविवार निळाच राहिला. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. शेजाऱ्यांनी याचे श्रेय अनुक्रमे सिद्धेश्वराला, डॉक्टरांना आणि मला दिले.

मार्गशीर्षाच्या आरंभी सिद्धाप्पा बाळीवेशीच्या बाजारातून एक पुडा घेऊन आले. पुड्यात शेंगदाण्याच्या पांढऱ्याशुभ्र वड्या होत्या, आणि त्या विकणारा जोतीराम होता.

या जोतीरामाने सहा वर्षे माझ्या प्रयोगशाळेत नळ्या धुतल्या. गेल्या उन्हाळ्यात नोकरी सोडून त्याने दुकान घातले आणि 'निःशर्करा शास्त्रोक्त वडी' अशी पाटी लावली. वडीचा गोडवा ज्येष्ठमधाचा आहे, असे तो सांगे. पुराव्यासाठी फळीवर स्पिरिटचा दिवा, निळे द्रावण आणि दोन परीक्षानळ्या मांडलेल्या असत. एका नळीत गुळाचे पाणी टाकून उकळले की ती विटकरी होई. दुसरीत वडी भिजवलेले गाळीव पाणी टाकून उकळले की ती निळीच राही. बघ्यांत एक निवृत्त मामलेदार होते, दोन वकील होते आणि आमच्या शाळेचे हेडमास्तरही एकदा उभे राहून गेले होते. कालपर्यंत हीच मंडळी ताईत बांधणाऱ्याला हसत असत. ताइतावर विश्वास ठेवायला निदान पदवी लागत नाही.

पुडा उघडताच दानम्मांनी एक वडी मोडली. मोडलेली कड उजेडात धरून पाहिली, चुरा बोटांत चोळला.

"पाक धरल्याबिगर वडी पडत न्हाय," त्या म्हणाल्या. "ज्येष्ठमधाचं पानी हुतं, मास्तर. वडी होत न्हाय."

मी त्यांना सांगितले की स्वयंपाकघरातला अंदाज म्हणजे प्रमाण नव्हे. वडी रीतसर तपासावी लागेल. हे वाक्य मी फार शांतपणे, शिक्षकाच्या आवाजात उच्चारले. दानम्मा आत गेल्या. सिद्धाप्पांनी उरलेली अर्धी वडी उचलली.

माझ्या शाळेच्या परीक्षा चालू होत्या आणि वडीची तपासणी मी पुढे ढकलली. पुढच्या रविवारी सिद्धाप्पांची नळी पिवळी झाली. त्याच्या पुढच्या रविवारी विटकरी. अंगठ्याच्या गुलाबी कडा पुन्हा करड्या पडल्या आणि जखमेला वास येऊ लागला. दिवसाला किती वड्या खाता, असे मी विचारले, तेव्हा कळले की सहा. कारण जी वस्तू पथ्यात बसते ती कितीही खाल्ली तरी पथ्यच होते, असा त्यांचा हिशेब होता. वडी आल्यापासून लिंबू लावलेल्या शेंगदाण्यांना त्यांनी हात लावला नव्हता.

मी वडी बंद करायला सांगितली. ते रागावले नाहीत. त्यांनी खटल्यात उलटतपासणी घ्यावी तसा प्रश्न घातला.

"मास्तर, पानी तुमचंच, दिवा तुमचाच. त्या पान्यानं बाळीवेशीत सांगितलं, वडीत साखर न्हाय. त्येच पानी हितं सांगतंय, माझ्यात हाय. मग दोनांतलं खोटं कंचं, ते सांगा की."

प्रश्न उत्तम होता. विचारणाऱ्याने आपल्याला सोयीचे उत्तर आधीच निवडून ठेवले होते, एवढेच त्यात वैगुण्य. मी त्यांना समजावले की निळे द्रावण सर्व साखरा ओळखत नाही. फळांतली, मधातली आणि रोग्याच्या लघवीतली साखर ते ओळखते. उसाची शुद्ध पांढरी साखर ही दोन साखरांची जोडी असते, आणि जोडी अभंग असेपर्यंत या द्रावणाला तिचा पत्ता लागत नाही. आम्लात उकळल्यावर ती फुटते, मग रंग येतो. गुळात काही भाग आधीच फुटलेला असतो, म्हणून गूळ पकडला जातो आणि त्याहून शुद्ध साखर निर्दोष सुटते. ही जोडी फोडण्याचे काम माणसाचे पोट मात्र रोज विनातक्रार करते. सिद्धाप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले की हे फार खोल आहे.

मी जोतीरामाकडे गेलो. त्याने मला बसायला स्टूल दिले. उसाच्या साखरेची गोष्ट काढताच त्याने नम्रपणे माझाच दाखला दिला.

"तुमीच वर्गात दावलंत की, सर. निळं ऱ्हायलं म्हंजे काय न्हाय."

मला तो धडा चांगला आठवतो. गुरुवारच्या तासाला मी दाखवतो की उसाच्या साखरेने रंग बदलत नाही, आणि शुक्रवारच्या तासाला आम्लात उकळून दाखवतो की बदलतो. सहा वर्षे जोतीराम शुक्रवारी गुरुवारच्या नळ्या धूत असे. धुता धुता त्याला दुसरा प्रयोग दिसला नाही, की दिसला आणि धंद्यात उपयोगाचा वाटला नाही, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. ज्येष्ठमध कोठून आणतोस, असे विचारताच तो गिऱ्हाइकाकडे वळला.

तेव्हा मी सार्वजनिक प्रयोगाचे ठरवले. रविवारी सकाळी सिद्धाप्पांच्या ओट्यावर दिवा लावला. गल्लीतली पंधरावीस माणसे जमली. मामलेदार पुढे बसले. आम्ल निवडताना मी अतिशहाणपणा केला. हायड्रोक्लोरिक आम्ल आणले तर मास्तराने शाळेतून काहीतरी जहाल आणून वडी बिघडवली असे लोक म्हणतील, म्हणून मी किराणा दुकानात मिळणारे लिंबाचे सत्त्व घेतले. ते सर्वांच्या ओळखीचे, म्हणून संशय येणार नाही, असा माझा तर्क होता.

पहिल्या नळीत वडीचे पाणी आणि निळे द्रावण उकळले: निळे राहिले. दुसऱ्या नळीत नुसते लिंबाचे सत्त्व आणि द्रावण: तेही निळे राहिले, आणि ते मी मुद्दाम सगळ्यांपुढे फिरवले. तिसऱ्या नळीत वडीचे पाणी सत्त्व घालून पाव तास उकळले, सोड्याने आंबटपणा मारला आणि मग द्रावण घालून पुन्हा उकळले. क्षणात ते हिरवे, पिवळे आणि विटकरी झाले. प्रयोग निर्दोष होता. असा प्रयोग मी वर्गातही क्वचित साधला आहे.

मग मामलेदारांनी चष्मा काढून पुसला आणि निर्णय दिला.

"म्हणजे वडी निर्दोष आहे. साखर लिंबाने होते."

मी दुसरी नळी पुन्हा उचलली. नुसत्या लिंबाने रंग आलेला नाही, हे दाखवले. त्यावर ते म्हणाले की बरोबर आहे, लिंबू एकटे काही करत नाही, ते चांगल्या अन्नाची साखर करते. तोच तर त्याचा दोष. गल्लीला हे उत्तर पटले. त्यात कोणालाही गोड सोडावे लागत नव्हते.

आठवड्याभरात बाळीवेशीपर्यंत लिंबे खपेनाशी झाली. लोणच्याच्या बरण्या शेळ्या राखणाऱ्यांना देण्यात आल्या. सिद्धाप्पांनी लिंबू सोडले आणि आपण किती मोठा त्याग केला हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितले; लिंबू त्यांना मुळातच आवडत नसे. वड्या सहाच्या आठ झाल्या. दानम्मांनी पुडा लपवला, तर ते दुकानातच उभे राहून खाऊन येऊ लागले. मी वहीत तारखेपुढे 'विटकरी' लिहीत राहिलो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंगठा काळा पडला आणि डॉक्टरांनी तो कापला. पाऊल वाचले ते नशिबाने, असे डॉक्टर म्हणाले. नशीब या शब्दाला त्यांच्या शास्त्रात जागा असेल असे मला वाटले नव्हते.

दवाखान्यातून आणल्यानंतर सिद्धाप्पा भिंतीला टेकून बसले होते, पाय उशीवर होता. दानम्मा शेगडी आणि लहान कढई घेऊन त्यांच्यासमोर बसल्या. त्यांनी चार वड्या कुटल्या, पाण्यात कालवल्या, दाण्यांचा कूट फडक्यातून गाळून टाकला आणि उरलेले पाणी आटवायला ठेवले. मला त्यांनी काही विचारले नाही. पाणी दाट झाल्यावर एक थेंब अंगठ्यावर घेतला, त्यावर तर्जनी टेकवली आणि दोन्ही बोटे हळूच दूर केली. मधे एक लांब, चकाकणारी तार आली. ती त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"तीस वरसं सूत बघितलंसा. सांगा की आता, किती नंबरी हाय ह्यो धागा?"

सिद्धाप्पांनी तार पाहिली. सवयीने त्यांचा हात पुढे झाला. त्यांनी स्वतःच्या दोन बोटांत थेंब घेतला आणि बोटे उघडली. त्यांच्याही बोटांत तार आली. ते म्हणाले, "पाक हाय हा."

"म्या पयल्या दिशी सांगितलं," दानम्मा म्हणाल्या. हे त्या त्यांच्याकडे पाहून बोलल्या, पण मीही तेथेच बसलो होतो. दोन तासांच्या धड्याने आणि तीन नळ्यांनी जे साधले नाही, ते कढईभर पाकाने साधले, आणि तो पुरावा महिनाभर त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. मीच त्याला रीतसर आत येऊ दिले नव्हते.

वडी बंद झाली. लिंबू लावलेले शेंगदाणे परत आले. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी द्रावण निळे राहिले.

मिरवणुकीच्या दिवशी सिद्धाप्पा बाराबंदी घालून ओट्यावर बसले. थंडी होती म्हणून दानम्मांनी जवळ शेगडी ठेवली. नंदीध्वज गल्लीच्या तोंडावरून गेले तेव्हा त्यांनी हात जोडले आणि पट्टी बांधलेला पाय धोतराखाली ओढून घेतला. त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या चालत होता. त्याने काकांकडे पाहिले नाही. मला वाटते, ठरवून पाहिले नाही.

जोतीरामाच्या दुकानावर त्या दिवशी रांग होती. त्याने पाटी नवी रंगवली होती: 'निःशर्करा व निर्लिंबू'.

थोड्या वेळाने मामलेदारांच्या घरून तिळगुळाची ताटली आली. पथ्याच्या माणसासाठी म्हणून तिळगुळाशेजारी मुद्दाम दोन वड्या ठेवल्या होत्या. सिद्धाप्पांनी एक वडी उचलली, शेगडीवर धरून तिची कड मऊ केली, दोन बोटांत दाबली आणि बोटे दूर केली.

"तार आली, मास्तर," ते समाधानाने म्हणाले. "साखर हाय."

त्यांनी वडी ताटलीत परत ठेवली. मग बोटे चाटून स्वच्छ केली. ताटली मात्र त्यांनी आत पाठवली नाही. ती बाराबंदीच्या घोळाशी सरकवून ठेवली आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले.

पुढच्या रविवारी द्रावण हिरवट आले. मी वहीत तसे लिहिले.