खुंट्या नसलेला गोलपोस्ट

मी एक जुना गोलपोस्ट आहे, मित्रांनो. दोन खांब, वर आडवा दांडा, मागे जाळी. दिसायला गरीब. पण माझ्यावर आपटून आजवर तीन नाकं, एक जबडा आणि अकरा दात गेलेत. मी कुणाला मारायला जात नाही, लोकच धावत येतात.

तळोज्याच्या एका शेडमध्ये वेल्डिंग होऊन मी नवी मुंबईतल्या एका स्टेडियमात गेलो. तिथे भैरू मैदान सांभाळायचा. मला जमिनीत धरून ठेवणाऱ्या खुंट्या तो रोज हातोडीने ठोकून बघायचा. मोठ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या मॅचेस आमच्याकडे आल्या, तेव्हा त्याने मला तीनदा रंग दिला. तपासणीच्या सकाळी माझी पूजा करून खांबावर नारळ आपटला. फुटेना. मग दोन्ही हातांनी जीव खाऊन हाणला. नारळ फुटला, आणि खांबाला पोचा पडला. परदेशी साहेबाने त्या पोच्यात बोट घालून मान हलवली. स्पर्धेला नवा पोस्ट आला. मी टेम्पोतून शिरवणे गावच्या मंडळाकडे आलो, बिनखुंट्यांचा.

भैरूची खोली शिरवण्यातच. तो मंडळाच्या देवजीशेठच्या मागेच लागला, खुंट्या ठोका म्हणून. पण मैदानात दर आठवड्याला कुणाची तरी हळद. मग मला उचलून गटाराकडेला टाकायचे.

देवजीशेठ म्हणाले, "खुंट्या मारल्यावं हलदीचा मांडव कुठं घालू, तुझ्या डोक्यावं?"

"ह्यो एक दिवस मानूस मारंल, शेठ."

सगळे हसले.

मग घणसोली गावाशी फायनल झाली. शेवटच्या मिनिटाला गोल झाला की नाही, यावरून जुंपली. रेफ्रीला माझ्याच जाळीत गुंडाळलं. कॉर्नरचे झेंडे पाठीत मोडले, खुर्च्या डोक्यात बसल्या, एकाने दुसऱ्याच्या कानाचा चावा घेतला. घणसोलीवाले टाके घालून घ्यायला गेले, म्हणून शिरवणे जिंकलं. आनंदात सात जण माझ्या दांड्याला लटकले.

मी कललो. खाली गोलकीपर प्रीतम फुटलेलं नाक दाबून बसला होता. भैरू धावला, प्रीतमला लाथेने बाजूला उडवलं आणि स्वतः माझ्याखाली सापडला. त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला.

देवजीशेठ वाकले. भैरू माझ्याखालूनच म्हणाला, "शेठ, हातोडी आना."

रिक्षा नंतर आली, हातोडी आधी. आठ खुंट्या बसल्या. आता हळदीचा मांडव मला वळसा घालतो, आणि पाहुणे माझ्या जाळीला हात पुसतात. पुसू देत.

मित्रांनो, मला लटकू नका. मैदानात उतरलात की आधी माझ्या पायाशी बघा. मला हात नाहीत. पडताना मला कुणालाच बाजूला ढकलता येत नाही.