खाली आणलेला पूरदगड

मित्रांनो, मी एक जुना पूरदगड आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर या गावात मला मित्र नाही, आणि नकोही आहे.

पाथरवटाने मला घडवले तेव्हा इथे दोन डोंगर, मधून नदी आणि एक होडी, एवढेच होते. होडीवाल्याने मला उंच काठावर, आपल्या छपराशेजारी रोवले. पूर ओसरला की पाणी जिथवर चढले होते तिथे तो छिन्नीने रेघ मारी. रेघेच्या खाली कोणी घराचा पाया खणू लागले की भांडायला जाई. लोक कुरकुरत, पण ऐकत.

मग कॉलेज आले. मागोमाग खानावळी, झेरॉक्सची दुकाने, भाड्याच्या खोल्या आल्या आणि गावाला शिंगे फुटली. पूल झाला, होडी कुजली. नदीकाठी बाग करताना मला उपटून पुरुषभर खाली, पाण्याजवळच्या पायरीवर उभे केले. का, तर फोटोत बरा दिसतो. इतिहासाच्या सरांनी भोवती साखळी लावली आणि माझ्यावर भाषण ठोकले. ते कौतुक मला आजही डाचते.

होडीवाल्याची मुलगी आता कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. तिने सरांना गाठले.

"सर, हा दगड वर होता, आमच्या छपरापाशी. तुम्ही खाली आणलाय."

"मावशी, रेघा त्याच आहेत ना?" सर हसून म्हणाले.

रेघा त्याच होत्या. त्यांतल्या सर्वांत वरच्या रेघेपासून दोन हात उंची मोजून सरांनी मुलींच्या वसतिगृहाची जागा पक्की केली. एवढा शिकलेला माणूस, पण दगड हलवला की रेघाही हलतात हे त्याच्या गावीही नव्हते.

शेवटी 'आमची काळजी घ्या' म्हणायची रीत आहे. मला तुमची काळजी नको. मला माझ्या जागी न्या, नाहीतर घण घालून फोडा. मी खोटे सांगतो आहे आणि मला ओरडता येत नाही.

आज दुपारी पाणी माझ्या वरच्या रेघेला टेकले आहे. सर छत्री घेऊन वसतिगृहाच्या दारात उभे आहेत.

"याच्या वर कधीच गेलेलं नाही," ते मुलींना सांगताहेत. "आता उतरेल. जेवून घ्या."

मावशी मात्र खालच्या खोल्यांतल्या गाद्या एकेक करून जिन्याने वर नेते आहे. अजून कोणी तिला हातभार लावलेला नाही, आणि माझी रेघ आता दिसत नाही.