भागाकारापुरता रहिवासी

देशातल्या मोठ्या शहरांत माणशी सरकारी कर्ज किती, याची यादी दरवर्षी निघते आणि दरवर्षी व्हर्लीन टब्ज जिथं नोकरी करायची त्या शहराच्या महापौरांची झोप उडते. यंदा तर शहर पार तळाला गेलं होतं.

"कर्जात बुडालेल्या शिकागोनंसुद्धा आपल्याला हसावं?" महापौर कडाडले. "काहीतरी करा!"

कर्ज फेडावं, असला अघोरी उपाय कुणी सुचवला नाही. बैठकीत सगळी शहाणी माणसं होती. उपाय सुचवला हिशेबखात्यातल्या व्हर्लीननं. कर्ज कमी होत नसेल तर ज्यांच्यात वाटायचं ती डोकी वाढवावीत. हद्दीबाहेर राज्याचा तुरुंग होता, आणि जनगणनेत कैदी जिथं कोंडलेला तिथलाच धरतात. हद्द जराशी सरकवली की काम फत्ते!

तिच्या मनात मात्र वेगळंच होतं. तिचा धाकटा भाऊ रॉस्को त्याच तुरुंगात होता. शहरात राहायला घर दाखवलं तर वसंतात त्याची सुटका होणार होती. कैद्याला घरात घ्यायला तिच्या घरमालकानं साफ नकार दिला होता आणि शहराची स्वस्त घरं फक्त शहरातल्या रहिवाशांना मिळत.

हद्द सरकली. शहर यादीत झरझर वर चढलं, महापौरांनी केक कापला. भेटीच्या दिवशी व्हर्लीननं भावाला सगळं सांगितलं.

"म्हणजे आता माझ्याही डोक्यावर कर्ज?" रॉस्को म्हणाला. "अगं, इथल्या मजुरीत साबण येत नाही!"

"दात काय काढतोस मेल्या? आता तू इथला झालास. घरासाठी अर्ज टाकलाय मी."

अर्ज नामंजूर झाला. 'तुरुंगातला मुक्काम रहिवासात धरला जात नाही,' असं गृहखात्यानं अदबीनं कळवलं होतं. व्हर्लीन तडक महापौरांकडे गेली.

"साहेब, कर्ज वाटताना तो आपला आणि घर देताना परका?"

"तुझं दुःख कळतं गं मला," महापौर कळवळून म्हणाले. "पण नियमापुढं मी कोण? बरं, ते राहू दे. राज्य सरकार तुरुंगाला आणखी एक इमारत बांधतंय. किती डोकी वाढतील, आपण कितव्या नंबरवर जाऊ, तेवढं काढून दे. तुझा हात बसलाय त्यात."

व्हर्लीनला स्वतःचीच किळस आली. ही अक्कल तिनंच शिकवली होती.

वसंत आला. रॉस्को आतच राहिला, शहराचा सन्माननीय रहिवासी म्हणून.