प्रभूची मूठ

मित्रांनो, माझ्या झाकणावरची गुलाबाची फुलं तुम्हाला आता ओळखू येणार नाहीत. गंजानं ती खाल्ली. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझा जन्म बिस्किटांसाठी झाला होता. लखनौच्या कपूरथला बाजारातून एका नाताळाला मला तिथल्याच महानगर नावाच्या वस्तीतल्या एका मराठी घरात आणलं. बिस्किटं आठवडाभरात फस्त झाली. मला वाटलं, आता आपली रवानगी भंगारात!

पण घरच्या शुभदाताईंनी मला धुऊन तांदळाच्या पिंपाशेजारी ठेवलं. त्या नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या, त्यांचे यजमान नंदकुमार बँकेत. रोज भात टाकण्यापूर्वी ताई मूठभर तांदूळ माझ्यात टाकत आणि डोळे मिटून दोन शब्द प्रार्थनेचे म्हणत. ही प्रभूची मूठ. त्यांच्या आईकडूनच ती चाल आलेली. मग त्यांची सहा वर्षांची लेक पूर्वा धावत येई आणि आपलीही मूठ टाकी. निम्मे तांदूळ खाली सांडत आणि ताई रागावत. मला मात्र त्या छोट्या मुठीचा भारी अभिमान वाटे.

रविवारी उपासना आटोपली की ताई मला घेऊन टेम्पोनं चारबाग स्टेशनला जात. स्टेशनमागं कुष्ठरोग्यांसाठी चर्चनं चालवलेलं एक घर होतं. तिथल्या स्वयंपाकघरात मी रिकामा होई. पण रिकामा परतत नसे. माणिकबाई नावाची एक म्हातारी तिथं राहत असे. रोग झाला म्हणून तिला सोलापूरकडच्या घरच्यांनी गाडीत बसवून दिलं होतं, ती इथं येऊन पडली. ती माझ्यात दोन रेवड्या टाकी आणि म्हणे, "पोरीला द्या, ताई. भांडं रिकामं धाडू नये." घरी पूर्वा दारातच उभी असे. मला हिसकावून घेई, झाकण उघडी आणि आत डोकावे.

पंच्याण्णवच्या पावसाळ्यात तिला मेंदूज्वर झाला. दोन दिवसांत पूर्वा गेली.

मित्रांनो, त्यानंतर त्या घरात मोठ्यानं कुणी बोललंच नाही. नंदकुमारांनी चर्च सोडलं. जेवणाआधीची प्रार्थना बंद झाली. ताई मूठ टाकू लागल्या तेव्हा ते म्हणाले, "माझ्या घरातून त्याला आता एक दाणा नाही."

"मीही भांडतेच आहे त्याच्याशी," ताई म्हणाल्या. "पण अहो, तिथली माणसं जेवायची थांबलीत का?"

मूठ चालू राहिली. प्रार्थनेचे शब्द मात्र आता ऐकू येत नसत. नवरा-बायकोचं बोलणं त्या मुठीवरून तुटत चाललं होतं.

एका रविवारी ताई परतल्या तेव्हा नंदकुमारांनीच माझं झाकण उघडलं. आत दोन रेवड्या होत्या.

"हे काय? कोणासाठी?"

"पूर्वासाठी." ताई खाली बसल्या. "मी तिथं सांगितलंच नाही. माणिकबाई दर वेळी विचारतात, पोरगी बरी आहे ना. माझं तोंडच उघडत नाही हो."

"येत्या रविवारी मी जातो. सांगून टाकतो. आणि हा डबा तिथंच ठेवून येतो. संपलं."

मला वाटलं, माझंही इथलं दाणापाणी संपलं.

रविवारी नंदकुमारांनी मला काखेत घट्ट धरलं होतं. माणिकबाई ओट्यावर बसली होती. "अच्छा, आज साहेब आले! पोरगी ठीक है ना?"

"पूर्वा गेली," नंदकुमार म्हणाले. "जुलैमध्येच. आता तांदूळ येणार नाहीत. डबा ठेवून घ्या."

म्हातारीनं मला दोन्ही मनगटांत धरून आत नेलं. तांदूळ पिंपात ओतले. बोटं झडलेली, मूठ वळत नव्हती. तिनं दोन्ही तळवे जोडून थोडे तांदूळ पुन्हा उचलले आणि माझ्यात टाकले.

"हा माझ्या जेवणाचा वाटा. आज मी नाही जेवणार," ती बाहेर येऊन म्हणाली. "लेकराच्या नावानं घरी न्या, साहेब. रिकामं कसं धाडू तुम्हाला?"

नंदकुमार तिथंच भिंतीला टेकून रडले. पूर्वा गेल्यापासून प्रथमच. मला तिथं ठेवायचं ते विसरले, की ठेववलं नाही, मला ठाऊक नाही.

संध्याकाळी ताईंनी मूठ टाकली. पाठोपाठ नंदकुमार आले. त्यांनी पिंपात हात घातला. प्रार्थना केली नाही, डोळेही मिटले नाहीत. मोठ्या माणसाची मूठ ती, पण निम्मे तांदूळ खाली सांडले. ताई रागावल्या नाहीत.

ते पुन्हा कधी चर्चमध्ये गेले नाहीत. चारबागला मात्र दर रविवारी मला घेऊन जात राहिले. सत्त्याण्णवच्या थंडीत माणिकबाई वारली आणि त्या रविवारी मी पहिल्यांदा रिकामा परत आलो. तेव्हा किती हलका झालो होतो मी! तो हलकेपणा मला अजून सोसत नाही.

आता माझ्या तळाला भोक पडलंय, तांदूळ गळतात. म्हणून ताईंनी आत फडकं घातलंय. मित्रांनो, कुणाचं भांडं तुमच्या घरी आलं तर ते रिकामं परत पाठवू नका. आत डोकावायला दारात कुणी उभं नसलं, तरीसुद्धा.