परीक्षा होईपर्यंत

न्ये मिस्त्रींनी पंपघराचं लोखंडी दार आतून ओढून घेतलं, कडी घातली आणि मगच फोन उचलला.

"बाबा, किती वेळ वाजतोय फोन! आणि हा कसला घुं घुं आवाज?"

"पंपाचा. दोन नंबरचा पंप कुरकुरतोय, म्हणून बोलावलंय मला."

"रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्हालाच बोलावतात? त्यांच्याकडं दुसरं माणूस नाही का?" श्याओमान हसली. "बरं, आई कुठाय? काल ड्युटीमुळं जमलं नाही, आणि आज तिचा फोन बंद लागतोय सकाळपासून."

दोन नंबरच्या पंपाला काहीही झालेलं नव्हतं. मिस्त्रींनीच ऑपरेटरच्या विनवण्या करून तो चालू करायला लावला होता. गल्लीत ताडपत्रीचा मांडव पडला होता, झांजा आणि सनई टिपेला पोचल्या होत्या, आणि मांडवाच्या मधोमध शवपेटीत त्यांची बायको ग्वेश्यांग निजली होती. पोरीचा फोन रोज संध्याकाळी जेवणानंतर यायचा, आज कसा चुकेल? ती वेळ जवळ येताच मिस्त्री डोक्याला बांधलेलं सुतकाचं पांढरं कापड खिशात कोंबून मांडवातून उठले होते.

"आई मावशीकडं गेलीय," ते म्हणाले. "मावशी पाय घसरून पडली. कमरेचं हाड मोडलं. आणि तुझ्या आईचा फोन पडला भाज्या धुवायच्या टबात. आहे ना तिची सवय."

बायको गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आपण तिच्या वेंधळेपणावर थापा रचतोय, याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण थाप उत्तम जमली होती, हेही खरं.

"मग आज माझं ऐकणार कोण?"

"मी ऐकतो."

"तुम्ही?" श्याओमाननं विचारलं. "बरं. घड्याळ लावा मग. दोन मिनिटं."

घड्याळ म्हणजे स्वयंपाकघरातलं, अंडी उकडताना लावायचं, टोमॅटोच्या आकाराचं. ते घरी चुलीशेजारी होतं. मिस्त्रींनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "हं. बोल."

आणि श्याओमान इंग्रजीत बोलू लागली.

श्याओमान त्यांची एकुलती एक लेक. छांगशा शहरातल्या एका इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नर्स, वय तेहतीस. न्यूझीलंडला नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या प्रत्येक भागात सात गुण हवेत. वाचणं, ऐकणं, लिहिणं तिला जमायचं. बोलण्याशी येऊन गाडी अडायची. तीन वेळा अडली होती. समोर परदेशी माणूस बसला, की या पोरीच्या घशाखालून शब्द वर येत नसे. तशी घरी ती बोलून बोलून जीव नकोसा करायची.

ग्वेश्यांगनं त्यावर स्वतःचा इलाज काढला. रोज संध्याकाळी लेकीनं फोनवर दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं आणि आईनं टोमॅटोचं घड्याळ पिळून ऐकायचं. ग्वेश्यांगचा जन्म वाफेवरचे बन विकण्यात गेलेला, तिला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. पण लेक अडखळली की ती लगेच म्हणायची, "अडकलीस. पहिल्यापासून." मिस्त्री चेष्टेनं म्हणत, "तुला काय कळतंय गं त्यातलं?" त्यावर ती फणकारायची, "पंपाशी तुम्ही काय त्याच्या भाषेत बोलता का? आवाजावरून कळतंच ना बिघडलंय ते!"

यावर मिस्त्री हसून भाजी निवडायला घेत.

दोन महिन्यांपूर्वी श्याओमाननं सांगितलं की चौथ्यांदा नाव नोंदवलं, तारीख मिळाली. ग्वेश्यांगनं ती तारीख साऱ्या वस्तीला सांगितली. कुठल्या कॉलेजात परीक्षा, लाल विटांची इमारत, फाटकासमोर शेवयांचं दुकान, सगळं. खालच्या मजल्यावरच्या थान आजी खवचटपणे विचारायच्या, "काय हो, लेक अजून इथंच? मला वाटलं विमानात बसली असेल." "बसेल बसेल," ग्वेश्यांग म्हणायची. "तुम्ही खिडकीत उभ्या राहा, टाटा करेल."

आदल्या दिवशी पहाटे तिच्या छातीत कळ आली. दुपारपर्यंत ती इस्पितळात शुद्धीवर होती. तोंडावरचा मास्क स्वतःच बाजूला करून ती म्हणाली, "अहो म्हातारबा, पोरीला कळू देऊ नका. परीक्षा होऊ दे आधी."

"गप पड. तूच सांग तिला, बरी झालीस की."

"कळू देऊ नका म्हणते ना! दहा दिवस काय ते दम काढा. आता कळलं तर ती सगळं टाकून येईल आणि मग परत कधी बसायची नाही. आणि त्या दिवशी अंडी उकडून द्या तिला. दोन. आणि एक काडी."

तळलेल्या पिठाची एक लांब काडी आणि शेजारी दोन अंडी, ताटलीत मांडली की शंभराचा आकडा होतो. शाळेच्या प्रत्येक परीक्षेला ग्वेश्यांगनं हेच खाऊ घालून पोरीला पाठवलं होतं. या परीक्षेत शंभर नसतात, फार तर नऊ मिळतात, हे श्याओमाननं तिला कितीदा समजावलं होतं. "नऊ तर नऊ," ती म्हणायची. "शंभर खाल्ले तर नऊ कुठं जातात!"

संध्याकाळच्या आत ती गेली. आपल्यानंतर मिस्त्रींना शंभर वर्षं पुरेल इतकं काम सांगून गेली, असं त्यांना पुढं वाटायचं.

पंपघरात, फोनवर पोरगी बोलायची थांबली. "झालं, बाबा. कसं होतं?"

"अडकली नाहीस कुठं."

"आईला सांगा बरं का, आज एकदाही अडकले नाही."

"सांगतो," मिस्त्री म्हणाले. फोन ठेवून त्यांनी पंपाच्या थरथरत्या अंगावर हात ठेवला आणि ते मोठ्यानं रडले. त्या आवाजात त्यांचं रडणं त्यांनासुद्धा ऐकू आलं नाही.

मांडवात मेहुणा वाट बघत उभाच होता. ग्वेश्यांगचा धाकटा भाऊ, छीवन. रागानं तांबडालाल झाला होता.

"भावोजी, अजून वेळ आहे. आत्ता सांगितलं तर पहाटेच्या गाडीनं येईल पोरगी. आईच्या पेटीपुढं गुडघे टेकायला पोटची पोर नाही, लोक काय म्हणतील?"

"तुझ्या बहिणीनं काय सांगितलंय ते तू ऐकलंयस."

"मरणाऱ्या माणसाचं काय ऐकता! परीक्षा काय पुन्हा येत नाही? आई पुन्हा मरणार आहे का?"

मिस्त्रींना त्याचं म्हणणं पटत होतं, हीच तर पंचाईत होती. पण लग्नाच्या एवढ्या वर्षांत ग्वेश्यांगनं त्यांच्याकडं फारसं काही मागितलं नव्हतं. आयुष्यभर पंप सांभाळणाऱ्या या माणसानं बायकोला समुद्रसुद्धा दाखवला नव्हता.

"परीक्षा झाली की मी स्वतः जाऊन सांगेन," ते म्हणाले. "तोंडावर सांगेन. फोनवर नाही."

घरच्या सगळ्यांसाठी सुतकात डोक्याला बांधायच्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या फाडल्या होत्या, त्यात श्याओमानचीही होती. तिच्या जागी छीवनच्या मुलीनं आल्यागेल्यापुढं गुडघे टेकले, आणि श्याओमानची पट्टी घडी करून पेटीवर ठेवली होती. पेटी उचलताना मिस्त्रींनी ती काढून घेतली.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते टोमॅटोचं घड्याळ पुढ्यात घेऊन बसू लागले. मावशीच्या कमरेच्या हाडाबद्दल रोज थोडं थोडं नवं सांगावं लागे. त्या बिचारीला त्यांनी एकदा न्यूमोनियासुद्धा करून दाखवला. मग पोरगी बोलायची. पहिल्या एकदोन दिवसांत त्यांना नुसता आवाज ऐकू यायचा, पुढं त्यांचा कान बसत गेला. मध्ये एका जागी तिचा सूर चढायचा, मग खाली यायचा, शेवटी जरा हळवा व्हायचा. हेच सूर त्यांनी मागच्या हिवाळ्यात ग्वेश्यांगच्या फोनमधून ऐकले होते, भाजी निवडता निवडता. तेच, तस्संच. मिस्त्रींना वाटलं, आता पाठच झालंय पोरीला. मशीन इतकं सुरळीत चालायला लागलं की समजावं, काम झालं. आता अडकत नाही ती. त्यांना एकदम आनंद झाला, आणि तो सांगायला त्यांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली.

सातव्या दिवशी त्यांनी ग्वेश्यांगचं पान मांडलं आणि तिच्या तसबिरीला सांगितलं, "दम काढतोय. तुझी लेक यंदा पास होतेय."

परीक्षेच्या दिवशी पहाटे त्यांनी दोन अंडी उकडली, कोपऱ्यावरून काडी आणली आणि डब्यात भरली. पिशवीत आधी पांढऱ्या कापडाची घडी घातली, वर डबा ठेवला. छांगशाला पोचेपर्यंत पेपर सुरू झालेला असणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण बायकोनं सांगितलंय तर सांगितलंय. परीक्षेनंतर खाईल. निदान आईच्या हातची नसली तरी आईच्या सांगण्यावरून उकडलेली अंडी पोटात गेल्यावर मग सांगू. इतकाच त्यांचा बेत होता. गाडीत ते मनातल्या मनात वाक्य जुळवत राहिले. "श्याओमान, तुझी आई." याच्या पुढं वाक्य सरकत नव्हतं. लेकीच्या घशाशी काय होत असेल, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

लाल विटांची इमारत सापडली. समोर शेवयांचं दुकानही होतं. फाटकाबाहेर आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन ताटकळत उभे होते. सगळे विशीतल्या पोरांचे आईबाप, मिस्त्रींपेक्षा तरुण. एका बाईनं विचारलं, "नातू आहे का आत, आजोबा?"

"लेक आहे. चौथी खेप."

"चौथी! चिकाटी आहे हो."

"आईवर गेलीय," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

दुपार कलल्यावर फाटक उघडलं. पोरं बाहेर यायला लागली, कुणी हसत, कुणी मान खाली घालून. पुढं मग बोलण्याची परीक्षा देणारे एकेक जण येऊ लागले. पाण्याच्या बाटल्या आपापल्या हातात गेल्या, माणसं पांगली. मिस्त्री प्रत्येक चेहरा बघत होते. शेवटी पहारेकरी साखळी घेऊन आला.

"संपलं, आजोबा. आत कुणी नाही आता."

"नीट बघा ना. माझी पोर राहिलीय. निळा कोट असतो तिचा."

"दिवे घालवून आलोय मी. चिटपाखरू नाही."

त्यानं साखळी ओढली, कुलूप घातलं. आणि मिस्त्रींच्या खिशातला फोन वाजला.

"बाबा! सुटले एकदाची!" श्याओमानचा श्वास चढलेला होता. "आत्ताच फाटकाबाहेर आले बघा. केवढी गर्दी आहे इथं. छान गेली, बाबा. एकदाही अडकले नाही. आई आली का मावशीकडून? द्या तिला, तिलाच सांगते."

मिस्त्रींनी रस्त्यावर इकडून तिकडं पाहिलं. रिकाम्या फुटपाथवर एक माणूस झाडू मारत होता.

"श्याओमान," ते म्हणाले, "मी फाटकापाशीच उभा आहे."

पलीकडून दूरवर कुठंतरी एक लहान मूल रडताना ऐकू आलं. वॉर्डातलं.

"कुठल्या फाटकापाशी, बाबा?"

"लाल विटांच्या. तू आईला सांगितलेल्या."

"मी नावच नोंदवलं नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हाच सोडलं. नाही होत माझ्याच्यानं. त्याच दिवशी आईला सांगायला फोन केला होता, खरंच केला होता. पण तिनं घड्याळ लावून ठेवलेलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, 'हं, बोल.' म्हणून बोलले. मग रोजच बोलत राहिले. जुनंच. तिला वाटायचं सुधारतेय मी. किती खूश व्हायची. तारीखही तिच्यासाठीच सांगितली, सारखी विचारायची ना. म्हटलं, मागाहून सांगू, पुन्हा नापास झाले म्हणून."

मिस्त्रींना राग यायला हवा होता. मांडव, पेटीवरची ती घडी, तिच्या जागी गुडघे टेकणारी छीवनची पोर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. नसलेल्या परीक्षेसाठी त्यांनी पोरीला आईचं शेवटचं दर्शन घेऊ दिलं नव्हतं. राग कुणावर काढायचा? ते फाटकाचा गज धरून उभे राहिले. पहारेकऱ्यानं न विचारता आपलं स्टूल त्यांच्याकडं सरकवलं.

"बाबा, ऐकताय ना? आईला नका सांगू. तिला सहन व्हायचं नाही. थान आजी तिला हसतील. मी सांगेन नीट, घरी आले की. तुम्ही नका सांगू. शपथ घ्या."

"नाही सांगत," मिस्त्री म्हणाले.

"तिथंच थांबा. मी ड्युटी बदलून येते."

ते स्टुलावर बसून राहिले. काडी मऊ पडली होती. अंडी गार झाली होती. पहारेकऱ्यानं कोमट पाण्याचा पेला आणून दिला, तो तसाच हातात राहिला.

अंधार पडायच्या आत ती आली. निळ्या कोटाखाली वॉर्डातले कपडे, पायांत तिथल्याच रबरी चपला. डोळे सुजलेले. बापाच्या समोर येऊन शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून उभी राहिली.

"आईला नाही ना सांगितलंत?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

मिस्त्री उठले. त्यांनी डबा काढून स्टुलावर ठेवला, आणि पिशवीच्या तळाशी हात घालून पांढऱ्या कापडाची घडी काढली. तिनं ती पाहिली, मग त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तिचं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. गाडीत जुळवलेलं वाक्य मिस्त्रींनाही आठवलं नाही. त्यांनी घडी उलगडली, आणि ती लहान असताना थंडीत शाळेला निघाली की जसा मफलर बांधत, तसं ते कापड तिच्या डोक्याभोवती गुंडाळून मागं गाठ मारू लागले. गाठ दोनदा सुटली. श्याओमान अजिबात हलली नाही.