‘खरं बोल’ लिहिलेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. मुक्यालाही बोलतं करतो, अशी चौकीत माझी कीर्ती आहे. मी बोलतं केलेल्यांपैकी निम्मे खोटं बोलले आणि उरलेल्या निम्म्यांचं कुणी तपासलंच नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी मी पिठाच्या गिरणीत फिरायचो. गर्दी झाली की मुद्दाम चाकावरून निसटायचो. गिरणीवाला पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत म्हणायचा, “आलास का मूळ पदावर, गुलामा?” बायका हसायच्या. मला तेवढंच हवं असायचं.

पुढे झिजलो. चौकीचे साहेब दळण न्यायला आले तेव्हा म्हणाले, “हातभर तुकडा द्या की. चोरांना कामी येईल.” गिरणीवाल्याने हसतहसत मला कापून दिलं. वर म्हणाला, “दोन माझ्याही नावाने द्या.”

साहेबांनी माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ‘खरं बोल’ लिहवून घेतलं. माझं शिक्षण तेवढंच. मग आरशाशेजारच्या खुंटीवर टांगलं. काम झालं की एकाच बाटलीतलं तेल ते आधी मला चोळत, मग स्वतःच्या डोक्याला, आणि भांग पाडून चहा मागवत. माझ्या अंगाला पिठाचा वास होता, तो गेला. आता कसला येतो ते सांगत नाही. तुम्ही नुकतेच जेवला असाल.

एकाने माझ्या धाकाने सायकल चोरल्याचं कबूल केलं. ती हवालदारानेच दुरुस्तीला टाकली होती. मला हसू आलं असतं, पण मी अजून ओला होतो.

मग एक शाळकरी मुलगी हरवली. दळणाचा डबा गिरणीत ठेवून गेली, ती घरी पोचलीच नाही. तिला शेवटचं पाहिलं गिरणीवाल्याने, म्हणून त्यालाच आणला. त्याने मला ओळखलं.

साहेब म्हणाले, “पोरीच्या जिवापुढे तुझी पाठ काय मोठी?” ऐकायला किती छान वाटतं, नाही? मोरीवर घालायला असं झाकण शोधून सापडणार नाही. मी माझी जुनी खोडी काढली, हातातून निसटलो. साहेबांनी मला मनगटाला गुंडाळून घेतलं.

गिरणीवाल्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण मार थांबायला काहीतरी सांगणं भाग होतं. म्हणाला, “विहिरीत.” सगळी वस्ती विहिरीवर लोटली. पंप लावून पाणी उपसलं. तळाशी निघाली एक फुटकी बादली.

आणि मुलगी विहिरीला लागूनच असलेल्या इमारतीच्या गच्चीवर, रिकाम्या टाकीत, पाय मोडून पडली होती. मांजराच्या पिल्लामागे गेली होती बिचारी. तिच्या हाका पंपाच्या धडधडीत बुडाल्या. पंप थांबला तेव्हा कुठे एका रंगाऱ्याला कण्हणं ऐकू आलं. जीव वाचला, पाय कापावा लागला. थोडी आधी आणली असती तर पायही राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आता माझं एकच मागणं आहे: मला जाळून टाका. घाण वास सुटेल, पण तो निदान माझा स्वतःचा असेल.

गिरणीवाल्याला सोडलं तेव्हा मी खुंटीवर होतो. साहेब भांग पाडत होते. मारताना ‘तू’, सोडताना ‘तुम्ही’.

“मनावर घेऊ नका. तुमची पोर असती तर तुम्हीही हेच केलं असतं.”

गिरणीवाला भिंतीला धरून दारात थांबला.

“माझी असती तर मी तिला शोधायला गेलो असतो, साहेब. तुम्ही तर इथंच माझ्यापाशी होतात.”