पाणी न ढवळता

"राहू दे," तो पलंगावरून म्हणाला.

तिचा हात कोपरापर्यंत माशांच्या टाकीत होता. काचेला चिकटलेला फिल्टरचा काळा डबा तिनं मुठीत धरला होता.

"राहू दे म्हणजे काय? काढूच नको, की हळू काढू?"

"राहू दे."

"नुसतं राहू दे, राहू दे! नीट सांगायला काय होतं?"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. नीट सांगता येत नव्हतं, हेच तर झालं होतं. न्हाणीघरात तो पडला त्या दिवशी उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी समजावलं होतं, "असं होतं कधीकधी. भाषा सगळी जाते, पण सवयीचा एखादा शब्द मागे उरतो. कुणाची शिवी उरते, कुणाची आईला मारलेली हाक. यांचं काय उरलंय ते हळूहळू कळेल."

तिला हळूहळू कळायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले, तिनं चमच्यानं पाणी पुढे केलं, आणि तो म्हणाला, "राहू दे." तेवढंच उरलं होतं. भूक लागली तरी राहू दे, पाठ दुखली तरी राहू दे, आणि मुलगा भेटायला आला तेव्हा डोळ्यांतून पाणी गळत असतानाही राहू दे. कोणतं कशासाठी, हे आवाजावरून ओळखायचं. ती बरंचसं ओळखायला शिकली होती. आजचं मात्र ओळखता आलं नाही.

तिनं डबा सरळ वर उचलला. स्पंजात साठलेला गाळ चुलीच्या धुरासारखा लोळ उठवत बाहेर पडला आणि बघता बघता सगळं पाणी काळं झालं. मासे दिसेनासे झाले. पलंगावरून घशातल्या घशात एक आवाज आला. तिनं वळून पाहिलं तर त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

तो कारखान्यात लेथवर काम करायचा. तिथं त्याला सगळे टर्नर म्हणत आणि इमारतीत मासेवाले काका. एकदा तळमजल्यावरचा नवा भाडेकरू पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि "आज ताजं काय आहे?" म्हणाला. टर्नरनं त्याच्या तोंडावर दार लावलं. ती स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसली होती. त्या हसण्यात सामील व्हायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

दिवसभर लोखंडाचा किस उडवणाऱ्या यंत्रापुढे उभं राहून तो घरी यायचा आणि टाकीपुढे खुर्ची टाकून बसायचा. चार गोल्डफिश आणि थोड्या काळ्या मॉली. सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लोटून घ्यायचा आणि फिल्टर साफ करायचा. तो काम कसं करतो हे तिनं कधी पाहिलं नाही. त्यानं पाहू दिलं नाही.

त्याला कारण होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. तो कामावर गेलेला. फिल्टरचा स्पंज तिला दिसला, मोरीच्या तोंडाशी साठतो तसा बुळबुळीत, तपकिरी. नव्या संसाराची हौस होती. तिनं तो नळाखाली धरला, साबण लावून खसाखसा धुतला, पार नव्यासारखा पिवळा केला, उन्हात वाळवला आणि जागच्या जागी बसवला. पाणी काचेसारखं दिसत होतं. तो घरी येऊन बघेल आणि काहीतरी बोलेल म्हणून ती संध्याकाळभर खोलीत घुटमळत राहिली.

दोन दिवसांनी मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासू लागले. मग एकेक करून उलटे झाले. त्यानं ते जाळीनं काढले आणि वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवले.

"साबण लावलास?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. कागद उचलायला म्हणून ती पुढं झाली.

"राहू दे," तो म्हणाला.

त्यानंतर जेवायला वाढू का, राहू दे. शर्टाचं बटण लावून देऊ का, राहू दे. डोकं दाबून देऊ का, राहू दे. त्यानं कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, नवरा गरीब गाय आहे. पुढे केव्हातरी त्याचा रागही गेला असावा. नवे मासे आले, मूल झालं, मूल मोठं होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला गेलं. राग गेला तरी शब्द जागेवरून हलला नाही.

आणि आता गढूळ टाकी समोर होती, ठिबकता फिल्टर तिच्या हातातल्या मगात होता आणि ती न्हाणीघरात नळापाशी उभी होती. साबणाची वडी तिथंच होती.

लावावा साबण. तिच्या मनात हे इतकं स्वच्छ आलं की तिची तिलाच भीती वाटली. चार दिवसांत टाकी रिकामी. तो सांगणार कुणाला आणि काय? मुलगा तर फोनवर रोज म्हणतच होता, "आई, देऊन टाक ना ते मासे कुणाला तरी. बाबांचं करशील की माशांचं?" टाकी गेली तर कुणाला नवल वाटणार नव्हतं. तिनं नळावर हात ठेवला. थोडा फिरवलाही. पाण्याची बारीक धार पडू लागली.

"राहू दे," बाहेरून आवाज आला.

तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. इतक्या वर्षांत त्या दोन शब्दांचा असा सूर तिनं ऐकला नव्हता. तो विनवत होता. धार पडत होती आणि ती तशीच उभी होती. शेवटी तिनं नळ बंद केला आणि फिल्टरचा मग घेऊन ती बाहेर आली.

"नळाचं पाणी नको, असंच ना? मग कशात धुऊ?"

त्यानं डावा हात उचलून टाकीकडे दाखवला.

"टाकीच्या पाण्यात? अहो, आतच पिळू?"

त्यानं वैतागून डोळे मिटले. पुन्हा बोट टाकीकडे, आणि मग खाली जमिनीकडे.

"खाली... टाकीतलं पाणी बादलीत काढू? आणि त्यात पिळू?"

त्याचा श्वास सुटला. मान उशीवर टेकली.

तिनं टाकीतलं पाणी बादलीत काढलं आणि जमिनीवर बसून ती स्पंज पिळू लागली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पिळायला लागली तर त्यानं बोट वर केलं. पुरे. स्पंज अजून तपकिरीच होता, तिला तो मुळीच स्वच्छ वाटत नव्हता. पण त्याचं बोट वरच होतं. त्या बुळबुळीत थरात काहीतरी जिवंत असतं, तेच माशांचं पाणी राखतं, हे तिला तेव्हा उमगलं. तेच तिनं साबणानं खरवडून काढलं होतं.

पुढच्या वेळेपासून टाकी गढूळ होऊ द्यायची नाही हे तिनं मनावर घेतलं. तिनं एकेक युक्ती करून पाहायची आणि त्यानं बोटानं किंवा भुवईनं हो-नाही सांगायचं. आधी बटण बंद करून जरा थांबायचं. मग प्लास्टिकची पिशवी पाण्यात सोडायची, खालून वर फिल्टरभोवती चढवायची, आणि तोंड आवळून पिशवीसकट उचलायचं. गाळ सुटतो तो पिशवीत सुटतो. पिळून झाल्यावर फिल्टर आधी बादलीत घटकाभर चालवायचा, उरलीसुरली घाण तिथंच टाकू द्यायची आणि मगच टाकीत बसवायचा. पहिल्यांदा तिनं तो पाणी न ढवळता बसवला तेव्हा त्याच्या तोंडाचा धड असलेला कोपरा किंचित वर गेला. तिनं तो पाहिला आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

एकदा पिळता पिळता ती बोलून गेली, "मला तेव्हाच हे सांगितलं असतंत तर? एका वाक्याचं काम होतं. साबण लावू नये, टाकीच्याच पाण्यात पिळावं. एवढं बोलायला काय जीभ झिजली असती तुमची? अख्खा जन्म गेला माझा त्या एका स्पंजापायी."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग डावा हात उचलून तिच्या दिशेनं धरला.

"पाणी हवंय?"

"राहू दे."

"उशी सरकवू?"

"राहू दे."

तिचे हात गाळानं भरले होते. ती पुन्हा बादलीत बघू लागली. थोड्या वेळानं त्यानं हात खाली घेतला.

नंतर पुष्कळदा, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, तो हात तिला आठवायचा. पण पुन्हा तसा तो त्यानं उचलला नाही आणि तिलाही विचारता आलं नाही.

थंडी संपत आली होती. सकाळी तिनं त्याचं अंग पुसलं, चादर बदलली, कूस वळवून त्याचं तोंड टाकीकडे केलं. बादली घेतली. बटण बंद केलं तशी मोटारीची घरघर थांबली आणि खोली एकदम शांत झाली. त्याच्याकडे पाठ करून ती जमिनीवर बसली.

"खालच्या त्या भाडेकरूच्या मुलीचं लग्न ठरलंय म्हणे," ती पिळता पिळता म्हणाली. "ताजं काय आहे विचारणारा, तोच. आता आपल्याला बोलावतोय की नाही देव जाणे." तिनं स्पंज मागे, त्याला दिसेल असा धरला. "बघा. पुरे का?"

तिनं स्पंज आणखी वर धरला.

"अहो, पुरे?"

तिनं वळून पाहिलं. डोळे टाकीकडे होते. बोट चादरीवर होतं. तिला लगेच कळलं. तरी ती उठली, हात पुसून त्याच्या नाकाशी धरला, मग छातीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

फोन करायला हवा होता. मुलाला, शेजारणीला, डॉक्टरांना. पण एकदा फोन केला की घर माणसांनी भरणार. कुणीतरी मदत म्हणून बादली मोरीत ओतणार, कुणीतरी टाकी भिंतीकडे सरकवणार. मोटार बंद होती. एक गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करत होता.

ती परत जमिनीवर बसली. स्पंज आणखी एकदा पिळला. जरा थांबून, निरखून पाहिला आणि "पुरे," असं स्वतःशीच म्हणाली. तो डब्यात बसवला. डबा बादलीत चालवला, काळपट पाणी बाहेर पडू दिलं, धार स्वच्छ झाल्यावर बंद केला. मग दोन्ही हातांनी तो टाकीत इतक्या सावकाश उतरवला की तळाची वाळूसुद्धा हलली नाही. बटण दाबलं. धार पडू लागली. मासा खाली गेला.

बादली ओतून तिनं ती पालथी घातली, हात साबणानं धुतले आणि फोन लावला.

"अरे, बाबा गेले."

"काय? कधी? आत्ता? आई, तू एकटीच आहेस का? मी निघतोच. शेजारच्या काकूंना बोलाव. आणि तू काही करत बसू नकोस, ऐकतेस ना? नुसती बस."

"हो," ती म्हणाली. "बसते."

तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्या उशाशी बसली. तिच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. त्यांच्यातून पाणी ठिबकून फरशीवर थारोळं होत होतं. मुलाचा फोन गेल्यावर शेजारीण दार ढकलून आत आली तेव्हा तिचा पाय पहिल्यांदा त्या पाण्यात पडला.